खुले पत्र : ‘पडलात का?’ एवढंच विचारून परत जाऊ नका

खान्देशात ज्येष्ठांच्या पडण्यावर आणि हालचालीवर अभ्यास करणारे, करू पाहणारे वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालयांतले प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि त्यांचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नैतिकता समित्या यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात राहते. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त. गावात कोणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असो की श्रावणबाळ योजनेचा, माणूस आधी माझ्या ओट्यावर येतो. मागच्या हिवाळ्यात तशीच तुमच्यातली चार मुलं-मुली पाठीला सॅक लावून आली. सरपंचांनी माझं नाव सांगितलं होतं.

“मॅडम, साठीच्या पुढचे वीस पेशंट मिळतील का, उद्या अकरापर्यंत?”

“पेशंट नाही मिळायचे. म्हातारी माणसं मिळतील,” मी म्हटलं. पोरं हसली. मलाही बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मास्तरीण म्हणून काम सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराला मी शाळेच्या वर्गात वीस माणसं बसवून दिली. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यातला निम्मा दोष माझा, हे आधीच कबूल करते.

त्या विसांत पंधरा पुरुष होते. कोण? तर पिंपळाच्या पारावर जे रोज बसलेले असतात ते. निवृत्त तलाठी, एक माजी सरपंच, सोसायटीचे दोन जुने संचालक. पहाटे हायवेपर्यंत चालून येणारी, पांढरा लेंगा झटकून बसणारी ठणठणीत माणसं. त्यांना अकरा वाजता बोलावणं सगळ्यात सोपं, म्हणून मी त्यांना बोलावलं. बायका पाच, त्यातही एक माझ्या सासूबाई. बाकीच्या कापूस वेचायला गेल्या होत्या. सत्तरीच्या बायका कापूस वेचायला कशा जातात, असं तुमच्यातल्या एकीने विचारलं होतं. बाई, मजूर मिळत नाही आणि सून एकटी पुरी पडत नाही, म्हणून जातात.

आणि ज्या खरोखर पडतात त्या तीन घरांत मी गेलेच नाही. एकीने दिवाळीपासून मागची खोली सोडलेली नाही. दुसरी भिंत धरून धरून मोरीपर्यंत जाते, तिचा हात जिथून फिरतो तिथला चुना काळा पडलाय. तिसरीची दोन्ही मुलं सुरतेला. ती आतून कडी लावून बसते आणि शेजारीण हाक मारते तेव्हाच उठते. या तिघींपैकी कोणी शाळेपर्यंत येऊ शकलं असतं का? म्हणजे झालं असं, की पडण्याचा अभ्यास न पडणाऱ्यांवर झाला.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. हे सगळं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, जगभर हेच दुखणं आहे. अभ्यासाला माणूस मिळणं हेच अर्धं काम. जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा २०१९ सालचा आढावा तिने मला समजावून सांगितला. ६० वर्षांपुढच्या, घरीच राहणाऱ्या माणसांवरचे १०८ प्रयोग, २५ देश, २३,४०७ माणसं. त्यांचं सरासरी वय ७६ आणि शंभरातल्या ७७ बायका. आमच्या वर्गात विसात पाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मरणांत रस्त्यानंतर पडण्याचाच नंबर. एवढा मोठा विषय आणि त्यासाठी आम्ही पारावरची मंडळी उचलून दिली.

आता जिजींचं सांगते. सासूबाईंना घरात सगळे जिजी म्हणतात. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, म्हणजे ती कोणी तरी अंदाजाने टाकलेली. ७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात तेव्हा थोरले दीर पाचवीत होते, त्यावरून मी त्यांचं वय चौऱ्याऐंशीच्या आसपास धरते. तुमच्या मुलीने त्यांना मांडीशी बसून, फार गोड आवाजात विचारलं, “आजी, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही पडलात का?”

“नाही माय,” जिजी म्हणाल्या.

फॉर्मवर ‘नाही’ला टिक झाली. मी शेजारीच होते. मलाही ते खरं वाटलं.

त्या रात्री त्यांच्या पाठीला तेल लावताना कोपराच्या वर हिरवा-निळा डाग दिसला, तळहाताएवढा. चार-पाच दिवसांचा असावा, कडा पिवळ्या पडत आलेल्या. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तेम्हा पडानं काय शे? नुसता पाय सरकना.” मोरीच्या कट्ट्यावरून पाय सरकला, त्या नळ धरायला गेल्या, नळ हातात आला नाही म्हणून बादली धरली, आणि बादलीसकट खाली बसल्या. बसल्या हा त्यांचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत माणूस नकळत जमिनीवर किंवा कुठल्याही खालच्या पातळीवर येऊन टेकला की ते पडणं. त्या व्याख्येने जिजी पडल्याच. जिजींच्या व्याख्येने पडणं म्हणजे उचलून आणावं लागणं, हाड मोडणं, अंथरूण धरणं. आमच्याकडे ‘ती पडली’ म्हटलं की समोरचा विचारतो, कोणत्या दवाखान्यात?

तेव्हा साहेब, ‘पडलात का’ हा प्रश्न मराठीत बरोबर आहे आणि आमच्या गावात निरुपयोगी आहे. पाय सरकला का, झोक गेला का, ठेच लागून हात टेकावे लागले का, चक्कर आली म्हणून जिथल्या तिथे बसावं लागलं का, उंबऱ्यात अडखळलात का, असं एकेक विचारा. मोरीत, गोठ्यात, वावराच्या बांधावर, एसटीत चढताना, असं जागा घेऊन विचारा. आणि जमलं तर अहिराणीत विचारा. रावेर-यावलकडे लेवा बोलीत. धडगाव-अक्कलकुव्याला पावरी नाही तर भिली बोलणारं कोणी तरी सोबत घ्या. तिथल्या म्हाताऱ्यांना तुमची प्रश्नावलीतली मराठी म्हणजे तहसील कचेरीची भाषा वाटते, आणि कचेरीत माणूस शक्य तितकं कमी बोलतो.

पण शब्दाचा प्रश्न निम्माच. जिजींना मी विचारलं, मग त्या पोरीला का नाही सांगितलं? यावर त्यांचं उत्तर मला अजून टोचतं. “तू बठेल व्हती ना तठे. मंग तू माले वावरमा जाऊ देशी का?”

नसतं जाऊ दिलं. खरं आहे. मागे एकदा त्या अंगणात धडपडल्या तर मी त्यांना एकट्याने बाहेर जायचं नाही असा दंडकच घातला होता, आणि काठी आणून कोपऱ्यात उभी केली होती, तिला त्यांनी अजून हात लावलेला नाही. म्हाताऱ्या बायका पडण्याला भीत नाहीत असं नाही, पण पडल्याचं घरात कळण्याला जास्त भितात. कळलं की चूल बंद, वावर बंद, भजन बंद, बाजार बंद. म्हणून त्या डाग पदराखाली झाकतात. तुम्ही मात्र प्रश्न विचारता तो सुनेच्या देखत, कारण सुनेनेच तुम्हाला चहा दिलेला असतो.

इथे अडचण अशी, की सुनेला वगळूनही तुमचं चालणार नाही. म्हातारीला वेळ आहे की नाही हे सून ठरवते. मुलगा सुरतेला असेल तर तो फोनवरून ठरवतो. त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणून आधी सुनेशी बोला, तिचं काम वाढणार नाही हे सांगा, मग तिलाच सांगा की आता पंधरा मिनिटं आम्ही आजींशी एकट्याने बोलणार. सून नाराज होईल. मीही झाले असते. तरी सांगा. आणि आजींना स्पष्ट शब्द द्या, की हे घरात कोणाला कळणार नाही. मग तो पाळा. सुनेने दारात गाठून विचारलं तरी पाळा.

पुढे त्या दिवशी खुर्चीची परीक्षा झाली. टाइम्ड अप अँड गो, १९९१ पासून जगभर वापरतात : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, वेळ मोजायची. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. खुर्ची हातांची हवी, बसायची उंची सेहेचाळीस सेंटिमीटरच्या जवळपास हवी. तुमच्या मुलांनी शाळेतली प्लास्टिकची, बिनहाताची खुर्ची घेतली. जिजी चार फूट आठ इंच. त्या बसल्या तर पाय अधांतरी. वर्गाच्या बाहेर चपला काढलेल्या, कारण शाळा आहे, शाळेत चपला घालून कोणी जातं का? समोर गावातले पंधरा पुरुष, म्हणून डाव्या हाताने पदर ओढून धरलेला. ‘रेडी, गो’ म्हटल्यावर त्या आधी माझ्याकडे बघायला लागल्या. मग उतरल्या, पदर सावरला, चालल्या, खडूच्या रेघेपाशी थांबल्या, कारण मुलांना आम्ही रेघेपाशी थांबायला शिकवतो, आणि वळून आल्या. एकोणीस सेकंद. त्यातले सहा-सात तरी पदराचे आणि मर्यादेचे होते.

तीच बाई रोज चुलीपुढून, खाली मांडी घातलेली, एक हात गुडघ्यावर ठेवून उठते. दिवसातून तीस-चाळीस वेळा. हे तुमच्या घड्याळात कुठेच आलं नाही. जमिनीवरून उठण्या-बसण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या पायातली ताकद आणि तोल खुर्चीवर मोजून कळतो का, हा प्रश्न खरं तर आमच्याच गावांत बसून सोडवण्यासारखा आहे. युरोपातल्या माणसाला तो सुचणारही नाही. तुम्हाला सुचायला हवा.

भीतीच्या प्रश्नावलीचंही तसंच. त्यात सोळा प्रश्न. फोनची रिंग थांबायच्या आत फोन घ्यायला जाताना पडायची भीती वाटते का, असा एक आहे. जिजींचा फोन नातवाच्या खिशात असतो. त्या जागी, रात्री लाइट गेल्यावर उठून मोरीत जाताना, किंवा पावसाळ्यात गाळातून गोठ्यात जाताना, असं विचारलं असतं तर त्या दहा मिनिटं बोलल्या असत्या. मी विचारून पाहिलं. बोलल्या.

आणि व्यायाम! “आजी, तुम्ही काही व्यायाम करता?” यावर पाचही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. व्यायाम म्हणजे टीव्हीवरच्या बाबांसारखं पोट आत ओढणं. पाचही जणी ‘नाही’. निवृत्त तलाठी मात्र ‘हो, नियमित’. आता बघा, तलाठी आप्पा चाळीस मिनिटं सपाट डांबरी रस्त्याने चालतात, उरलेला दिवस बसून. बायकांपैकी एक दोन किलोमीटर वावरात जाते, वाकून निंदते, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन ओबडधोबड बांधावरून परत येते. कागदावर ती बैठी. हालचाल मोजायची प्रचलित प्रश्नावली मुळात १५ ते ६९ वयासाठी तयार झालेली, हेही भाचीनेच सांगितलं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करता, हे एका बैठकीत सांगायला लावा, मग मिनिटं तुम्ही मांडा. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात आहे, की व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यात भरवशाचा म्हणजे तोलाचा आणि रोजच्या हालचालींचा व्यायाम. नुसत्या चालण्याबद्दल तशी खात्री देता येत नाही. म्हणजे तलाठी आप्पांनाही काही तरी शिकवायचं राहिलंच आहे.

आता अंगठा. संमतीपत्र चार पानांचं होतं, मराठीत होतं, पण ‘सहभागी’, ‘गोपनीयता’, ‘स्वेच्छेने’ असलं. पुढे शाईचा पॅड ठेवला तसा एक म्हातारा गपचूप उठून गेला. लोकांना वाटलं लघवीला गेला. तो घरीच गेला, कारण तरुणपणी एका कागदावर अंगठा दिला आणि विहिरीकडची दीड एकर भावाच्या नावावर झाली. त्याला शाई दिसली की ती विहीर दिसते. दुसऱ्या एकीने मला कानात विचारलं, याने श्रावणबाळचे पंधराशे बंद तर नाही व्हायचे? हे प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारले नाहीत. तुम्ही शहाणी पोरं, तुमच्यापुढे अडाणी कशाला ठरायचं!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नैतिकता समित्यांच्या टेबलावर असणारच. ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक वाचता येणारा, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, असं त्यात आहे. त्या दिवशी साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, सगळ्या कागदांवर, चहा झाल्यावर, एकदम. मी केली. शिक्षिका असून न वाचता केली, हे लिहिताना लाज वाटते. त्याच तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते असंही आहे. कापसाच्या दिवसांत अकरा ते दोन बसवून ठेवलंत तर बाईची अर्धी मजुरी गेली. बिस्किटाचा पुडा हा तिचा मोबदला नव्हे. रक्कम एवढी मोठी नसावी की तिच्यासाठीच माणूस हो म्हणेल, हे मला समजतं. पण शून्य आणि मोठी यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

आणखी एक. तुमच्या निकषांत ‘लिहिता-वाचता येणे आवश्यक’ अशी ओळ होती. ती सोयीसाठी पुढे सैल केली असं मुलं म्हणाली. समित्यांना विनंती, की ही ओळ कोणी का घातली ते प्रत्येक वेळी विचारा. ज्यांच्या नावाने आपलं उत्तर महाराष्ट्राचं विद्यापीठ आहे त्या बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या, १९५१ साली गेल्या, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वयाच्या अटीत बसल्या असत्या. या ओळीवर बाहेर गेल्या असत्या.

याल तर कधी याल? मे महिन्यात नको, त्या उन्हात तरणा माणूस भेलकांडतो, तुम्ही म्हातारीचा तोल काय मोजणार. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या असतात, कोणी तुमच्याकडे बघणार नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरतेची मुलं घरी येतात, तेव्हा मुलांची परवानगी समोरासमोर घेऊन ठेवा आणि परीक्षा पुढच्या आठवड्यात करा. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली की बायका जरा मोकळ्या होतात, पण फक्त तेव्हाच आलात तर पावसाळ्यातला गाळ तुमच्या कागदावर येणार नाही. एकदा येऊन भागणारं कामच नाही हे.

माणसं शोधायची तर शाळेत बोलावू नका, माणसं आधीच जिथे जातात तिथे या : रेशन दुकानात अंगठा लावायच्या रांगेत, पिठाच्या गिरणीवर, संध्याकाळच्या हरिपाठाला. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली तेव्हापासून आमचा बसथांबा म्हाताऱ्यांनी भरलेला असतो. तिथे तासभर उभे राहिलात आणि पहिल्या पायरीवर चढताना कोण काय धरतं एवढं पाहिलंत तरी निम्मा अभ्यास होईल. आणि जी घरातून निघतच नाही तिच्यासाठी आशाताईंना विचारा. तिला प्रत्येक मागची खोली माहीत असते. पण मग आशाताईच्या वेळेचे पैसेही तुमच्या बजेटात लिहा, ती आधीच दहा जणांचं ओझं वाहते.

परत न येण्याबद्दल मी फार लिहीत नाही. मुलांनी ‘रिपोर्ट पाठवतो’ म्हटलं होतं. तलाठी आप्पा अजून मला विचारतात, “बाई, माझे किती मार्क आले?” चेष्टेने विचारतात, पण विचारतात. पुढच्या वेळी त्यांच्याकडूनही तुम्हाला ‘वेळ नाही’ ऐकू येईल.

एक गोष्ट मी आपल्या आपण करून पाहिली. भाची म्हणाली होती, की वर्षभराचं कोणाला आठवत नाही, म्हणून अभ्यासात रोज खूण करायचं महिन्याचं पान देतात. मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली, जिजींच्या हाताला येईल असं टांगलं आणि नातीचा लाल स्केचपेन दोऱ्याने बांधून ठेवला. पाय सरकला, झोक गेला, की त्या दिवसाच्या चौकोनात टिंब. वावर बंद करणार नाही, असं देवापुढे सांगितलं. पहिला महिना कोरा गेला. दुसऱ्या महिन्यात एक टिंब, एकादशीच्या चौकोनात. ते मला माहीत होतं, तुळशीपाशी मीच धरलं होतं. या महिन्यात दोन आहेत. एक गोठ्यातलं. दुसरं कुठलं, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. तुम्ही आलात तर तुम्हाला सांगतील, मी तेवढा वेळ ओट्यावर बसेन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
शिरपूर तालुका, जि. धुळे